गळ्यातली गल्ली

पटवा काम करताना तुम्ही कधी पाहिला आहे का? सोनार दागिना घडवतो, पण मणी रेशमात ओवून, गाठी मारून, मागे गोंडा लावून तो गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवा. त्याला हातोडी लागत नाही की भट्टी. तो जमिनीवर बसतो, एक पाय लांब करतो, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो आणि कामाला लागतो. अंगठा हाच त्याचा खुंटा.

आमच्या प्रकाशा गावात हे काम रूपकंवरभाभी करतात. त्यांच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून आले, तापीकाठी राहिले, आणि गुजर पाटलांच्या लेकीसुनांचे दागिने गाठवत त्या घराच्या तीन पिढ्या गेल्या. भाभींना हे काम त्यांच्या यजमानांनी, लालचंदशेठांनी, शिकवलं. शेठ जाऊन अकरा वर्षं झाली. घरात मारवाडी, ओट्यावर अहिराणी आणि बँकेत मराठी अशा तीन भाषा भाभी बोलतात, आणि तिन्हींत टोमणे मारतात.

माझी त्यांची ओळख खोट्या दागिन्यांमुळे झाली. मी तीस वर्षं तमाशाच्या फडात राजाचं काम केलं. दसऱ्याला फड निघायचा तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परतायचा, आणि परतल्यावर माझी पहिली चक्कर भाभींच्या ओट्याकडे. पितळेचे कंठे, काचेचे हिरे, मेणाचे मोती. एका वगात मला रोज गळ्यातला हार तोडून प्रधानाच्या अंगावर फेकावा लागे. पहिल्या वर्षी सगळे मोती रंगमंचावर सांडले आणि नाचायला आलेली बाई घसरून पडली. भाभींनी तो हार नव्याने गाठवला, दोन मोत्यांच्या मध्ये एकेक गाठ देऊन. म्हणाल्या, आता खुशाल तोडा, एक मोती पडेल, बाकीचे जागा सोडणार नाहीत. पुढे तेवीस वर्षं मी तो हार फेकला. भाभींचा शब्द खाली पडला नाही.

तेव्हापासून मला त्या ‘राजासाब’ म्हणतात. फड सुटला, दात गेले, मुकुट भंगारात गेला, पण गल्लीत माझं राज्य अजून चालू आहे ते या बाईच्या तोंडामुळे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास भाभींना लकव्याचा झटका आला. धुळ्याला दवाखान्यात अकरा दिवस काढून त्या परत आल्या. बोलणं शाबूत होतं, चालणं जमत होतं, डावा हात तेवढा अधू झाला होता. आम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं. मग एके दिवशी भाभी साखर आणायला म्हणून चुनीलालच्या दुकानाकडे गेल्या. दुकान घरापासून साठ पावलांवर. दोन तासांनी त्या स्टँडवर सापडल्या. शहाद्याच्या जीपमध्ये खिडकीशी बसल्या होत्या, हातात पिशवी, आणि ड्रायव्हरला विचारत होत्या की आमची गल्ली कधी येईल.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. माणसं त्या ओळखतील, वस्तू ओळखतील, हिशेबही चुकणार नाहीत. पण डोक्यात वाटांचा जो एक कागद असतो तो पुसला गेला आहे. घरं, भिंती, वळणं त्यांना सगळी सारखीच दिसतात. बहुधा तशीच दिसत राहतील.

भाभींनी मला तेच एका वाक्यात सांगितलं होतं. “भिंती मले आते वळखतस नही, राजासाब. माणसे वळखतस.”

त्यांचा मुलगा नमन सुरतेला साड्यांच्या बाजारात नोकरीला आहे. सून हीना, पाचव्या मजल्यावर घर. पोरगा वाईट नाही, उलट आईसाठी जीव टाकणारा. त्याने सांगून टाकलं की आईने आता सुरतेला यायचं. गावात उसाचे ट्रॅक्टर धावतात, खाली तापीचं पाणी, उद्या कुठे गेली तर शोधायचं कोणी? भाभींना जायचं नव्हतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त मुदत मागून घेतली. आखाजीला मी एकटी घाटावर जाईन, तुझ्या बापाच्या नावाच्या घागरीसाठी तापीचं पाणी आणीन आणि एकटी परत येईन. आले तर इथेच राहीन. नाही आले तर तू म्हणशील तिथे.

नमनने कबूल केलं, पण एक अट घातली. त्या दिवशी कोणी हाक मारायची नाही, बोट दाखवायचं नाही, हात धरायचा नाही. पोरगा बाजारातला, सौदा पक्का करून गेला.

आखाजीला पाच महिने होते.

दुसऱ्या दिवशी भाभींनी मला बोलावलं. घरापासून घाटापर्यंत जी माणसं रोज बाहेर बसतात त्यांच्याकडून एकेक बारकी वस्तू मागून आणा म्हणाल्या. पैशाची नको, त्यांच्या घरातली, त्यांच्या कामातली. मला वाटलं भाभी काहीतरी नवस करताहेत. मी हिंडलो.

पहिली रंजनाबाई. भाभींच्या शेजारची गुजर म्हातारी, वय ऐंशी. दिवसभर दारासमोर खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेते. तिच्यात आणि भाभींच्यात तीस वर्षांपासून सांडपाण्याच्या नालीवरून भांडण. मी मागितल्यावर तिने आधी कारण विचारलं, मग नाक मुरडलं, मग शेतातल्या केळीचं वाळलेलं सोपट, खोडावरची साल, काढून दिलं. चुनीलाल किराणावाल्याने चिंचोका दिला, तोही निवडून. त्याचा बाक दुकानाबाहेर असतो, गिऱ्हाईक नसलं की तो तिथे पेपर वाचतो. गल्लीच्या तोंडाशी सुकलाल शिंपी आपलं पायमशीन घेऊन बसतो. त्याने पितळेचं बटण दिलं. त्यापुढे चौक आणि चौकात कडुनिंब. लिंबोळीची बी मीच उचलली, झाडाची परवानगी गृहीत धरून. घाटाच्या पायऱ्यांशी दलसिंग बेल-फुलं विकतो. मूळचा धडगावकडचा पावरा आदिवासी, आठवड्याला एकदा जीपने डोंगरात घरी जाऊन येतो. त्याने काहीच न विचारता बायकोच्या माळेतले पांढरे बारीक मणी आणून दिले. शेवटचा तापीच्या वाळूतला शिंपला.

आणि मग मी जे पाहिलं ते सांगायला माझे शब्द अपुरे पडतात, आणि शब्द हाच माझा धंदा होता.

डाव्या हाताला चिमूट धरता येईना. भाभींनी दोन्ही पाय लांब केले. दोरा उजव्या अंगठ्यातून डाव्या अंगठ्याला नेला, ताणला, आणि जे काम दोन हातांचं ते एका हाताने आणि दोन पायांनी सुरू केलं. पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी चालत होती. दोरा सुटायचा. त्या पुन्हा लावायच्या. दिवसाला एक गाठ, कधी तीही नाही. केळीचं सोपट वळून त्यांनी त्याची गोळी केली, चिंचोक्याला भोक पाडलं, शिंपल्याची कड घासली. मी समोर बसून राहायचो. रंगमंचावर मी राजवाडे उभे राहताना पाहिलेत, पण ते पडद्यावर रंगवलेले. इथे माझ्यासमोर एक बाई आपली गल्ली खरोखरीची पुन्हा बांधत होती, इंचाइंचाने.

माळेची रीत अशी होती. वरून पहिला मणी म्हणजे घरानंतरची पहिली खूण, शेवटचा म्हणजे घाट. प्रत्येक मण्याच्या एका अंगाला लाल गाठ, दुसऱ्या अंगाला काळी. वर लाल दिसली तर माणूस डाव्या हाताला ठेवायचा, काळी दिसली तर उजव्या. मी हुशारी दाखवली. म्हटलं, भाभी, आम्हा नटांना ठाऊक असतं, तोंड फिरवलं की डावं ते उजवं होतं, परतताना सगळं उलटं होईल. त्यांनी माळ हातात घेतली आणि नुसती पलटली. लालाच्या जागी सगळीकडे काळं आलं. माझ्याकडे पाहून हसल्या.

मग माझ्या लक्षात आलं की मी पण याच गल्लीत राहतो आणि माळेत माझा मणी नाही. जरा लागलंच मनाला. विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही येक जागे कधी बठतस का?”

खरं होतं. मी दिवसभर हिंडतो. फडाची सवय.

माळ पहिल्यांदा गळ्यात घालून भाभी बाहेर आल्या तेव्हा रंजनाबाई खाटेवर उठून बसली. डोळे बारीक करून तिने माळेतली आपली गोळी शोधली.

“आते काय मले गळामा घालीसन फिरशी?”

“सोनानं वझं झेपाव नही,” भाभी म्हणाल्या. “केळनं सोपट हलकं शे.”

रंजनाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसली की चिडली ते मला कळलं नाही.

तालमी सुरू झाल्या. रोज सकाळी आठला भाभी निघायच्या, मी वीस पावलं मागे. अधू हाताची बोटं माळेवर. रंजनाबाई, सोपट, लाल. चुनीलाल, चिंचोका, लाल. सुकलाल, बटण, लाल. आमची गल्ली सरळ तापीकडे उतरते, आणि सकाळी सगळे त्याच एका बाजूला बसलेले असत. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकल्या, पुढे चुकल्या नाहीत. घाटावर पाण्याला हात लावून, माळ पलटून, नऊच्या आत घरी. होळी झाली, रामनवमी झाली. मला खात्री वाटू लागली. तीस वर्षं तालमी पाहिलेला माणूस मी. खेळ पडणार नाही हे मी छातीठोकपणे सांगितलं असतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नमन आला. येताना एक मोठी सुटकेस घेऊन आला, रिकामी. ती त्याने ओसरीत ठेवली. भाभींनी तिच्यावर वाळत घालायची साडी टाकून दिली.

आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात. भाभी सकाळी लोटा घेऊन निघाल्या. नमन दाराशी थांबला, मी मागून गेलो. एकही पाऊल न चुकता त्या घाटावर पोचल्या.

आणि तिथे त्या अडकल्या. घाटावर अर्धं गाव होतं. ज्यांची मंगळसूत्रं भाभींनी गाठवली होती त्या सगळ्या माहेरवाशिणी तिथे होत्या. कोणी पाया पडलं, कोणी गाण्याला ओढून बसवलं, कोणी आपली लेक दाखवली. आठ महिने माणसांपासून दूर राहिलेली बाई त्या दिवशी माणसांत बसली. तिने गाणी म्हटली, मोठ्याने, अधू हाताने ताल धरत. मी दलसिंगच्या टोपलीशेजारी उभा होतो. जा म्हणायची सोय नव्हती, बोलायचं नाही ही अट. आणि खरं सांगू, म्हणावंसंही वाटलं नाही.

भाभी उठल्या तेव्हा दीड वाजून गेला होता. ऊन असं की पायऱ्या दिसायच्या बंद झाल्या होत्या. लोटा भरला, माळ पलटली, निघाल्या. दलसिंग झाला. कडुनिंब झाला. चौकात येऊन त्यांनी सुकलाल शोधला. बटण, काळी गाठ, उजव्या हाताला.

आणि तेव्हा माझं लक्ष सुकलालच्या कोपऱ्याकडे गेलं.

चौकातून पुढे दोन वाटा जातात. उजवीकडची आमची गल्ली, डावीकडची स्टँडची. सुकलाल सकाळी आमच्या गल्लीच्या पलीकडच्या, म्हणजे उजव्या, कोपऱ्यावर बसतो. पण दुपार झाली की त्या कोपऱ्यावर ऊन येतं. मग तो मशीन ओढून अलीकडच्या कोपऱ्यावर आणतो, दोन वाटांच्या बरोबर मधे. चुनीलालचा बाक गल्ली ओलांडतो. रंजनाबाईची खाट ओलांडते. गेली पन्नास वर्षं आमची गल्ली दुपारी सावलीमागे या काठावरून त्या काठावर जाते, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. श्वास घेतो हे कुठे ध्यानात असतं? आम्ही सगळ्या तालमी सकाळी केल्या होत्या.

भाभींनी सुकलालला उजव्या हाताला ठेवलं आणि स्टँडच्या वाटेला लागल्या.

सुकलालचा पाय मशीनवर थांबला. तो पाहत राहिला. मी पाहत राहिलो. आठ-दहा पावलं गेल्यावर भाभींची बोटं चिंचोक्यावर आली. त्यांनी मान वर केली. चुनीलाल नव्हता. समोरून शहाद्याच्या जीपचा हॉर्न आला. त्या वळल्या, कडुनिंबाखाली परत आल्या, लोटा छातीशी धरून उभ्या राहिल्या. मान खाली, बोटं माळेवर, पुन्हा वरपासून एकेक मणी. मणी बरोबर होते. गाठी बरोबर होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते लिहीत नाही.

तेवढ्यात लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला.

सुकलाल मशीन ओढत होता. सत्तरीचा माणूस, सगळा जोर लावून, उन्हात. पलीकडच्या कोपऱ्यावर त्याने ते उभं केलं, स्टूल ठेवलं आणि टळटळीत उन्हात बसून शिवायला लागला.  गल्लीत चुनीलालने ते पाहिलं. त्याने बाक उचलला, रस्ता ओलांडला, उन्हात बसला आणि पेपर उघडला. पुढे रंजनाबाई. ती खाटेवरून उतरू लागली, पण गुडघे उभे राहू देईनात. तिची नातसून भूमिका बाहेर धावली आणि तिने खाटेची एक बाजू धरली. दुसरी धरायला कोणी नव्हतं.

नमन ओट्यावर उभा होता. अट त्याची होती.

तो खाली उतरला आणि त्याने खाटेची दुसरी बाजू उचलली. म्हातारीसकट खाट रस्त्यापलीकडे उन्हात नेऊन ठेवली आणि आपल्या जागेवर परत जाऊन उभा राहिला.

रंगमंचावर देखावा बदलायचा तर आम्ही आधी दिवे घालवायचो. अंधारात पडदे ओढायचे, सिंहासन उचलायचं, आणि उजेड झाला की नवा मुलूख. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं की भर दुपारच्या उजेडात, एका शब्दाविना, अख्खी गल्ली सकाळ झाली.  

भाभींनी मान वर केली. सुकलाल जागेवर होता. त्याला उजव्या हाताला ठेवून त्या गल्लीत शिरल्या. चिंचोका, चुनीलाल, उजवीकडे. चुनीलालच्या टकलावरून घाम पेपरावर ठिबकत होता आणि पान उलटत नव्हतं. सोपट, रंजनाबाई. तिथे भाभी थांबल्या. वाकून त्यांनी खाटेच्या माचव्याला हात लावला. तापलेलं लाकूड होतं.

“ऊनमा काबरं बठनी व?”

“मले थंडी वाजी ऱ्हायनती,” रंजनाबाई म्हणाली.

 भाभी लोटा घेऊन घरात गेल्या, लालचंदशेठांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नमस्कार केला. पाणी काठोकाठ होतं.

जेवणं झाल्यावर ओट्यावर सगळे जमले तेव्हा भाभींनीच विषय काढला. नमनला सांगितलं की सौदा मी हरले, मी एकटी आले नाही, सुटकेस भर. नमनने आपले तळवे पाहिले. खाटेच्या सुंभाने ते लाल झाले होते. मग मारवाडीत आईला एवढंच म्हणाला की आमच्या मजल्यावर सहा घरं आहेत, मां, पण खाट उचलायला मला कोणाला हाक मारता येईल ते मी मघापासून आठवतो आहे. त्याने ओसरीतली सुटकेस उचलली, तिच्यावरची साडी दोरीवर नीट टाकली, आणि सुटकेस माळ्यावर चढवली.

रंजनाबाईने लगेच नालीचा विषय काढला.

संध्याकाळी भाभींनी कात्री मागितली आणि माळ कापली. नमन हात धरायला धावला, आठवण म्हणून ठेव म्हणाला. त्या म्हणाल्या, “माळ चुकनी. माणसे चुकनात नही.” पटवा चुकलेलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात ठेवत नाही.

त्यानंतर त्या पुन्हा पाय लांब करून बसल्या. आता त्यांच्याकडे दोन माळा आहेत. एक सकाळची, एक दुपारची, आणि दारामागे एकाच खिळ्यावर दोन्ही टांगलेल्या असतात. हिवाळ्यासाठी तिसरी चालू आहे, कारण थंडीत आम्ही उन्हामागे फिरतो, हे आता सगळ्या गल्लीला पाठ झालं आहे. दुपारच्या माळेत चौकासाठी एक मणी कमी पडत होता. सुकलाल मधे आला तरी आमची गल्ली कोणती हे सांगणारा.

भाभींनी माझ्या जुन्या मुकुटातला उरलेला लाल काचेचा तुकडा मागितला. मी दिला. पण घेताना त्यांनी मला एका जागी बसाल ना असं विचारून घेतलं, अगदी नमनसारखा पक्का सौदा केला.

म्हणून रोज दुपारी एक ते चार मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सुकलालच्या सकाळच्या कोपऱ्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. तिथे सावली बेताचीच. येणारे-जाणारे विचारतात, काय राजासाब, आज हिंडणं नाही? मी सांगतो, नाही. वाटेकडे माझं लक्ष असतं. भाभी लोटा घेऊन कडुनिंबाखालून येतात, अधू बोटं लाल काचेवर येऊन थांबतात, त्या मान वर करतात, मी जागेवर आहे हे पाहतात, आणि वळतात.